बाग म्हणजे मोकळी जागा नव्हे

जुनी ठिकाणे पाहावयास निघालेला आपला माणूस बहुधा दगड पाहून परत येतो. छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) सहलीतही तेच होते. वेरूळ झाले, बीबी-का-मकबरा झाला, पाणचक्की झाली की सहल संपली! दिल्ली दरवाजाजवळची हिमायतबाग कोणाच्या यादीत नसते. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मी राऊहून मुद्दाम ती पाहावयास गेलो. तेथे जे पाहिले, त्यावरून बनलेले मत येथे मांडीत आहे.

सुमारे ३०० एकरांची ही बाग सतराव्या शतकातील, मोगल अमदानीतील. मलिक अंबरने १६१० साली खडकी वसवली आणि डोंगराकडचे पाणी जमिनीखालच्या नहरींतून गावात आणले. पुढे औरंगजेबाने त्याच गावाला आपले नाव दिले. पाणी खेळविण्याची विद्या हाती होती, म्हणूनच या कोरड्या मुलखात बागा फुलल्या. बाग, बागवान, हौद, कलम हे शब्दही आपल्याकडे फारसी-अरबीतून आले आणि इतके मुरले की आज ते परके वाटत नाहीत.

आज येथे परभणीच्या कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. म्हणजे राजेरजवाड्यांची बाग आता शेतकऱ्याच्या कामी येते. यापरता चांगला वारसा कोणता?

मात्र बागेचे धनी एवढेच नाहीत. आंबा-चिंचेच्या जुन्या झाडांखालून चालताना मला धनेशाची जोडी दिसली. हा पक्षी जुन्या झाडाच्या ढोलीतच घरटे करतो. मादी आत बसून ढोलीचे तोंड लिंपून घेते आणि नर बाहेरून फटीतून तिला चारा भरवतो. वड-उंबराची फळे खाऊन त्यांचे बी दूरवर नेऊन टाकणारा माळीही हाच. ज्या पोकळ खोडाला आपण निरुपयोगी म्हणून कुऱ्हाड लावतो, ते त्याचे बाळंतघर असते! एका म्हाताऱ्या झाडाच्या बदल्यात दहा रोपे लावू, असे सांगणाऱ्यांनी ही ढोली किती वर्षांत तयार होईल तेही सांगावे.

हा प्रश्न एका शहराचा नाही. आमच्या इंदूरला १९२४ साली अल्बर्ट हॉवर्ड यांनी वनस्पती संशोधन संस्था उभारली. होळकर दरबाराने जमीन दिली. तेथे सिद्ध झालेली कंपोस्ट खताची पद्धत ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. त्याच जागेवरील कृषी महाविद्यालयाची जमीन घेण्याच्या प्रस्तावाविरुद्ध २०२२ साली विद्यार्थ्यांना आंदोलन करावे लागले. राऊच्या आसपासही बटाट्याची शेते जाऊन वसाहती उठताना आम्ही पाहतो आहोत. शहर वाढले की मधली हिरवी जमीन लोकांना ‘मोकळी’ दिसू लागते. दृष्टीचा दोष आहे तो इथेच.

कोणी म्हणतील, मग बागेला कुलूप घालावे काय? मला ते मान्य नाही. जी बाग लोकांनी पाहिलीच नाही, तिच्यासाठी लोक उभे कसे राहतील? पण पाळणे, रंगीत दिवे आणि खाद्यपदार्थांची दुकाने मांडून तिचा बाजार करणे, हाही उपाय नव्हे. आपल्या कानडी विभागाच्या वाचकांना बंगळूरचा लालबाग परिचित आहे. हैदरअलीने १७६० साली मोगली धर्तीवर सुरू केलेली ती बाग आज सुमारे २४० एकरांची आहे. तेथे वनस्पतिशास्त्रही नांदते आणि फिरावयास येणारा सामान्य माणूसही. तसे हिमायतबागेत का होऊ नये? ठरावीक वाटा, झाडांवर नावांच्या पाट्या, पक्ष्यांची नोंदवही आणि विणीच्या दिवसांत ढोल्यांच्या भागात बंदी, एवढ्याने भागेल.

यात महाविद्यालयांचा वाटा मोठा आहे. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी वर्ग एकदा बागेत भरवावा, इतिहासाच्या प्राध्यापकांनी नहरी शोधत विद्यार्थ्यांना पायी न्यावे. आपल्या गावातील अशी एखादी तरी बाग प्रत्येक महाविद्यालयाने झाड न् झाड मोजून वहीत नोंदवावी. पुढे कोणी त्या जागेला ‘मोकळी’ म्हणाला, तर त्याच्यापुढे ठेवावयास आपल्यापाशी ती वही असेल.