आश्रयाचे ऋण

अंत्रुज महालातील एका देवस्थानात सोमवारची पालखी आटोपली, आरत्या झाल्या, तीर्थप्रसाद झाला आणि नेहमीप्रमाणे काही मंडळी सभामंडपातच टेकली. बोलणे कोठून कोठे गेले ते आता आठवत नाही. पण शेवटी ते शेजारच्या वाड्यावरील खुरसापाशी येऊन थांबले. तेथे त्या दिवसांत रोज संध्याकाळी लादाईन चालली होती. एक वयोवृद्ध महाजन, ज्यांच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे, म्हणाले, "ह्यांची इगर्ज सरकारच्या खांद्यावर बसून आली. ते सरकार गेले. मग आता आपल्या सरकारने तिच्यावर नजर ठेवली तर बिघडले कुठे? कोण येतो, कोण नव्याने जातो, त्याची कलेक्टरच्या दप्तरी नोंद होऊ दे." दोघातिघांनी माना डोलावल्या. आम्ही गप्प बसलो. देवापुढे वाद घालू नये ही एक सबब होती; दुसरी आम्ही शोधली नाही. ते गप्प बसणे तेव्हापासून आम्हांस बोचत आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

महाजनांचे पहिले वाक्य अर्धे खरे आहे, आणि ते अर्धे आम्ही कोणाहून कमी जाणत नाही. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश आणि साष्टी येथली देवळे पाडली गेली. कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेरण्याची म्हाळसा, लोटलीचा रामनाथ यांना घेऊन आमचे पूर्वज नदीपार झाले. १५५९ च्या फर्मानाने हिंदूंची पोरकी मुले पाद्रींच्या हवाली करण्याची सोय झाली. १५६६ च्या हुकुमाने नवे देऊळ बांधणे तर राहोच, जुन्याची डागडुजी करणेही गुन्हा ठरले. १५६० मध्ये इन्क्विझिशन आले ते, मधली काही वर्षे सोडता, १८१२ पर्यंत ठाण मांडून होते. यातले एक अक्षरही पुसावे असे आम्ही म्हणत नाही. जो समाज आपल्या देवांच्या वनवासाच्या तिथी विसरतो, त्याला देव ठेवायचा अधिकारच काय?

परंतु 'सरकारच्या खांद्यावर आली' यावरून 'सरकारवाचून ती जगलीच नसती' असे जे अनुमान त्या वाक्याच्या पोटात दडले आहे, ते मात्र साफ खोटे आहे. ते खोटे पाडण्यास रोमला किंवा लिस्बनला जावे लागत नाही. बाणावलीपर्यंत गेले म्हणजे पुरे.

बाणावलीस १६५१ मध्ये जुझे वाझ जन्मले. घराणे सांकवाळचे, मूळ कुळ ब्राह्मणाचे. पाद्री झाले, काही वर्षे कानडा मुलखात राबले आणि १६८५ मध्ये जुन्या गोव्यातील बोआ विस्ता टेकडीवरच्या ओरेटरी संघात शिरले. हा संघ गोव्यातील एतद्देशीय पाद्रींनी स्वतःसाठी उभा केला होता. कारण युरोपीय मठवासी आमच्या रंगाच्या माणसाला सहसा आपल्या पंक्तीस घेत नसत. म्हणजे ज्या इगर्जीला आपण एकजात परकी म्हणतो, तिच्या आतही सोवळेओवळे होतेच. असो.

त्या वेळी लंकेत काय चालले होते? १६५८ मध्ये डचांच्या कंपनीने जाफना घेतले आणि पोर्तुगीजांचा तेथला शेवटचा पाय उखडला. डच ख्रिस्तीच; पण त्यांचा पंथ निराळा. त्यांनी कॅथलिक पाद्रींना हाकलले, मिस बंद केली, इगर्जी आपल्या पंथाकडे वळविल्या, आणि पाद्रीला घरात आसरा देईल त्याला देहदंड फर्माविला. सरकारी चाकरी हवी, तर कंपनीच्या पंथाचे व्हावे लागे. जवळजवळ तीस वर्षे त्या बेटावर कॅथलिकांना एकही पाद्री नव्हता. महाजनांचे अनुमान खरे असते, तर सरकारच्या खांद्यावरून खाली पडलेला हा धर्म एका पिढीत विरून जायला हवा होता.

१६८७ मध्ये वाझ लंकेस उतरले ते मजुराच्या वेशात, बरोबर जुवांव नावाचा एक सेवक. उतरताच आजाराने असे पछाडले की मरणाच्या दारी जाऊन आले. बरे झाल्यावर गळ्यात जपमाळ घालून ते जाफन्यात दारोदार भीक मागत फिरले. माळ ओळखून ज्या घराच्या डोळ्यांत पाणी येई, ते घर आपले, अशी ही शोधण्याची रीत. घरे निघाली! देवळे नव्हती, पाद्री नव्हता, घंटा नव्हती. पण आजीच्या तोंडी प्रार्थना होत्या आणि रांजणामागे लपविलेला क्रूस होता. सिल्लालै गावी त्यांनी बस्तान बसविले. दिवसा लपायचे, रात्री कोणाच्या तरी ओसरीवर मिस सांगायची, पहाटेपूर्वी दुसऱ्या गावी निघायचे. सुगावा लागला की धाड, अटक, तुरुंग.

येथे एक गोष्ट आमच्या देवस्थानांच्या मंडळींनी नीट पाहण्याजोगी आहे. वाझ एकटे, आणि बेट केवढे! म्हणून त्यांनी गावागावांत गृहस्थांमधूनच एक जाणता माणूस नेमला. तामिळ मुलखात त्याला अण्णावी म्हणत, सिंहली भागात मुप्पू. रविवारी माणसे जमवायची, मुलांना प्रार्थना शिकवायच्या, मरणासन्नाजवळ बसायचे, अडीअडचणीला बाळाला पाणी घालायचे. पाद्री वर्षातून एकदा येवो की दोन वर्षांतून एकदा येवो, फिर्गज चालू राही. फिर्गज म्हणजे इगर्जीची इमारत, असे जे आपण समजतो ते चूक आहे. एका देवाभोवती बांधलेला गाव म्हणजे फिर्गज. आमचे महाजन, पुजारी, चौगुले, कळावंत ही सगळी माणसे साष्टीतून अंत्रुजात आली नसती, तर नुसत्या पाषाणाने मंगेशी वसली असती काय? राजसत्ता विरोधात गेली की धर्म माणसांच्या ओसरीवर राहायला येतो. हे आम्हांस ठाऊक आहे, कारण आम्ही ते केले आहे. लंकेतल्या ख्रिस्त्यांनी तेच केले.

आता या कथेतला खरा मुद्दा. १६९२ मध्ये वाझ कँडीच्या राज्यात गेले. दरबारातल्या एका फ्रेंच प्रॉटेस्टंटाने चुगली केली की हा पाद्री नव्हे, पोर्तुगीजांचा हेर आहे. राजाने त्यांना कैदेत टाकले. कैदेत त्यांनी सिंहली भाषा शिकून घेतली आणि एका झोपडीत प्रार्थना सुरू केली. राजा विमलधर्मसूर्य दुसरा हा बौद्ध, दंतधातूचा रक्षक. त्याने काही काळ हा माणूस पारखला आणि मग मोकळा सोडला. भाविक सांगतात की १६९६ च्या अवर्षणात वाझांनी प्रार्थना केली आणि पाऊस पडला. त्यावर ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे विश्वास ठेवावा. पण पुढल्याच वर्षी कँडीत देवीची साथ आली, लोक रोग्यांना टाकून पळाले, तेव्हा वाझ आणि त्यांचा भाचा रोग्यांची घाण उपसत राहिले. त्यानंतर त्या राज्यात त्यांस कोणी अडविले नाही. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच ते वारले. २०१५ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांना संत म्हणून घोषित केले.

ख्रिस्ती कंपनी ज्याला फासावर द्यायला टपली होती, त्या ख्रिस्ती पाद्रीला बौद्ध राजाने छप्पर दिले. यात राजाचे राजकारण नव्हते असे आम्ही म्हणत नाही. डच त्याचेही वैरी होते. वकिलाने हेतूपेक्षा कृती पाहावी.

आणि आता आम्ही आमच्या महाजनांना विचारतो: आपले देव नदीपार झाले तेव्हा अंत्रुज महाल कोणाचा होता? विजापूरच्या आदिलशाहाचा! पुढे शिवछत्रपती आले, सोंदेकर आले, १७३९ मध्ये पेशव्यांनी मंगेशीचे गाव देवस्थानाला दिले, हे सारे आपण कीर्तनांत ऐकतो आणि ऐकावे. पण पहिल्या रात्री देवाला टेकायला जी जमीन मिळाली ती एका मुसलमान बादशहाच्या राज्यातली होती. त्याने हाकलून दिले असते तर? हे ऋण आपण कोणत्याच पुराणात लिहून ठेवलेले नाही.

ही झाली आश्रयाची बाजू. तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आमचा पक्ष लंगडा राहील. कँडीच्या त्याच गादीवर १७३९ मध्ये दुसरा राजा आला. वारे फिरले आणि पाद्रींना राज्याबाहेर काढण्यात आले. म्हणजे राजाची मेहेरबानी ही राजाच्या आयुष्याएवढी. डचांच्या मुलखातली बंधनेही उठली ती इंग्रज आल्यावर, १८०६ मध्ये. गोव्यातले आम्ही हिंदू कायद्यापुढे सरळ उभे राहू शकलो तेही १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक येऊन चर्च आणि सरकार यांची फारकत झाली तेव्हा. यासाठीच १९५० च्या राज्यघटनेत पंचविसावे कलम घातले गेले. आश्रय मागावा लागतो. हक्क मागावा लागत नाही. महाजन जी नोंदवही मागत आहेत, ती हक्काला पुन्हा मेहेरबानीच्या पायरीवर नेऊन बसविते.

या मासिकाचे कितीतरी वाचक इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, बेळगाव येथे आहेत. त्यांना ही नोंदवही कल्पनेतली वाटणार नाही. गुजरातच्या २००३ च्या कायद्यात धर्मांतराचा विधी करणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी असे आहे. मध्य प्रदेशाच्या २०२१ च्या कायद्यात धर्म बदलणाऱ्याने साठ दिवस आधी कळवायचे, पाद्रीने किंवा पुरोहितानेही कळवायचे, आणि धर्मांतर बळाने झाले नाही हे आरोपीने सिद्ध करायचे. तेथील उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्वेच्छेने विवाह करणाऱ्या सज्ञानांवर पूर्वसूचनेच्या कलमाखाली खटले भरण्यास अंतरिम मनाई केली. कर्नाटकानेही २०२२ मध्ये तीस दिवसांच्या सूचनेचा कायदा केला. २०२३ मध्ये तो मागे घेण्याचा निर्णय तेथील मंत्रिमंडळाने केला.

आमचे म्हणणे विपर्यस्त होऊ नये. धाक घालून, लाच देऊन, फसवून धर्म बदलविणारा शिक्षेस पात्र आहे. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की धर्मप्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याला आपल्या धर्मात ओढण्याचा हक्क नव्हे. तो निकाल आम्ही शिरोधार्य मानतो. पण जबरदस्तीला शिक्षा करणे वेगळे, आणि सज्ञान माणसाने देवापुढे गुडघे टेकण्यापूर्वी कचेरीत अर्ज टाकावा असे म्हणणे वेगळे. संशयाचे ओझे आरोपीच्या डोक्यावर ठेवले की फिर्गजीतले साधे काम, शाळा, दवाखाना, लादाईन, आजाऱ्याच्या उशाशी बसणे, हे सगळेच पुराव्याच्या पिंजऱ्यात उभे राहते. वाझांनी देवीच्या रोग्यांची सेवा केली ती 'प्रलोभन' होती काय? आजच्या एखाद्या फौजदाराला तसे म्हणता येणार नाही अशी हमी आम्ही कोणत्याही अशिलाला देऊ शकत नाही.

"पण हे रक्षणासाठी आहे," असे उत्तर येते. १५५९ चे फर्मानही पोरक्या मुलांच्या रक्षणासाठीच होते! आणि १९२८ आठवा. त्या वर्षी विनायक महाराज मसूरकर यांनी गोव्यातील हजारो गावड्यांना हिंदुधर्मात परत घेतले. ती आपल्या समाजाच्या अभिमानाची गोष्ट आहे. त्या वेळच्या कायद्यात साठ दिवसांच्या पूर्वसूचनेची अट असती, आणि ती सूचना पोर्तुगीज अंमलदाराच्या टेबलावर जाऊन पडली असती, तर किती गावडे परत आले असते? यावर कोणी म्हणेल की नवे कायदे परत येणाऱ्यांना सूट देतात. होय, मध्य प्रदेशाच्या कायद्यात पितृधर्मात परतणे हे धर्मांतरच नव्हे असे लिहिले आहे. एका दाराला कुलूप आणि दुसऱ्याला तोरण! हा तराजू कायद्याचा नव्हे.

राहिला इन्क्विझिशनचा हिशेब, जो शेवटी प्रत्येक वादात निघतो. हिशेब मागायचा तर कोणाकडे? त्या न्यायासनापुढे बहुतेक करून उभे केले गेले ते बाटलेले आणि बाटूनही जुने आचार न सुटलेले लोक. १७३६ च्या जाहीरनाम्यात तुळस, धोतर, लग्नातली गाणी, मीठ न घालता शिजविलेला भात, असल्या गोष्टी ख्रिस्त्यांना वर्ज्य केल्या आहेत. दोनशे वर्षे झाली तरी त्यांच्या घरांतून तुळस गेली नव्हती, म्हणून तर जाहीरनामा काढावा लागला! कोकणी तीन वर्षांत सोडा, असे व्हाइसरॉयने १६८४ मध्ये फर्माविले तेही त्यांनाच. ती मुदत १६८७ मध्ये संपली, म्हणजे वाझ भिकाऱ्याची झोळी घेऊन जाफन्यात हिंडत होते त्याच वर्षी. आणि कोकणी आजही त्या वाड्यावर बोलली जाते, लादाईनीनंतर चणे वाटताना. ज्यांच्या पणजोबांच्या पाठीवर ते फटके बसले, त्यांच्याच पणतवंडांकडे आपण फटक्यांचा हिशेब मागत आहोत.

पुढल्या सोमवारी पालखीला आम्ही जाणार आहोत. महाजन तेथे असतीलच. या वेळी गप्प बसायचे नाही असे आम्ही ठरविले आहे. वादही घालायचा नाही. त्यांना एवढेच विचारायचे आहे की, कुशस्थळीहून देव घेऊन ज्यांनी झुआरी ओलांडली, त्यांनी किती दिवस आधी आणि कोणाच्या कचेरीत सूचना द्यायला हवी होती.