हाताच्या मुंग्या आणि सोसण्याची सवय

रोश हशाना, म्हणजे आपल्या वाडवडिलांच्या बोलीतील नव्याचा सण, जवळ आला की घरोघरी चिकाचा हलवा शिजू लागतो. नारळाच्या दुधातील चीक आटेपर्यंत तासन् तास ढवळावा लागतो. पाहुण्यांच्या हाती वडी पडते. परंतु ज्या हाताने कालथा फिरविला तो हात त्या रात्री झोपू देतो की नाही, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

मध्यरात्री अंगठा, तर्जनी व मधले बोट बधिर होते, मुंग्या येतात, हात झटकला की थोडे बरे वाटते. आपल्या वडीलधाऱ्या भगिनी याला वात म्हणतात, वयाचा दोष मानतात आणि गप्प राहतात. वैद्यकशास्त्रात या विकाराचे नाव कार्पल टनेल सिंड्रोम. मनगटातील ८ लहान हाडे व त्यांवरील जाड बंध यांच्यामध्ये एक अरुंद बोगदा असतो. बोटे मिटणाऱ्या ९ दोऱ्या आणि एक मज्जातंतू त्यातून जातात. जागा अपुरी पडली की मज्जातंतूवर दाब येतो. करंगळीचा मज्जातंतू निराळ्या वाटेने जात असल्याने ती बहुधा सुटते. हा विकार स्त्रियांत अधिक आढळतो. मधुमेह, थायरॉइडची उणीव व गर्भारपण यांतही तो उद्भवतो.

आमच्या मते याबाबत आपल्या हातून दोन चुका होतात. एक सोसण्याची, दुसरी भीतीची. डॉक्टर शस्त्रक्रियाच सांगेल या भयाने आपण दवाखान्याची पायरी चढत नाही. वस्तुतः शस्त्रक्रियेवाचून बरे होण्याची संधी विकार सौम्य असतानाच अधिक असते. भीतीपोटी घरी बसणारी व्यक्ती नेमकी तीच संधी गमावते.

पहिला उपाय साधा आहे. झोपेत आपले मनगट नकळत मुडपते व बोगद्यातील दाब वाढतो. म्हणून मनगट सरळ ठेवणारा पट्टा, म्हणजे स्प्लिंट, रात्री बांधावा. तोही चार दिवस नव्हे, किमान ६ आठवडे. दिवसा ढवळणे, पिळणे, शिवणे ही कामे मध्ये विश्रांती घेऊन करावीत. त्याने भागले नाही तर मनगटात स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. २०१८ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत ६ आठवड्यांनी इंजेक्शन पट्ट्याहून सरस ठरले, परंतु ६ महिन्यांनी दोहोंत विशेष अंतर उरले नाही. मधुमेही व्यक्तीने इंजेक्शनानंतर काही दिवस साखरेवर लक्ष ठेवावे. वेदनाशामक गोळ्यांनी मज्जातंतूवरील दाब कमी होत नाही. बी-६ जीवनसत्त्व तर मनाने दीर्घकाळ मोठ्या प्रमाणात घेतल्यास मज्जातंतूंनाच अपाय करते.

मात्र बधिरपणा दिवसरात्र राहू लागला, हातातून भांडे निसटू लागले, बटण लागेना अथवा अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल भाग झिजू लागला, तर पट्ट्याच्या भरवशावर राहू नये. अशा वेळी शस्त्रक्रियेस नकार देणे हे शहाणपण नव्हे.

१९९५ सालापासून आरोग्य विमा कायद्यान्वये या देशातील प्रत्येक रहिवासी ४ पैकी एका कुपत होलीमचा सभासद असतो. म्हणजे दार उघडे आहे. अडते ते भाषेवर. हिब्रू बेताची असलेली आजी ‘हात दुखतो’ एवढेच सांगते आणि गोळी घेऊन परतते. मुंग्यांची गोष्ट मराठीतच राहून जाते. हिब्रूत त्या बधिरपणास ‘निमूल’ म्हणतात. मुलांनी व नातवंडांनी आजीसोबत जावे; कोणती बोटे, रात्री किती वेळा, केव्हापासून, हे तिला आधी विचारून डॉक्टरांस नीट सांगावे. आम्ही शिक्षक मुलांना आईवडिलांचा मान राखण्याची आज्ञा पाठ करून घेतो. तिचे आचरण ते हेच, असे आम्ही समजतो.

आणि यंदा हलव्याच्या पातेल्याशी पाळीपाळीने उभे राहावे. कालथा घरातील सर्वांच्या हातून फिरला म्हणून हलवा बिघडत नाही.