गळका पेट्रोल पाईप कापून जोडू नका, बदला

आज पिकाचं नाही, गाडीचं बोलायचंय. पण माल बाजारात जातो तो गाडीनंच, म्हणून हेही शेतीचंच समजा.

मागच्या आठवड्यात पहाटे कांदा भरून पाबळहून चाकणला निघालो होतो. व्हॅन पेट्रोलची, पंधरा वर्षं ओलांडलेली. पुतण्या मागं गोण्यांवर बसलेला. कनेरसरच्या पुढं गेलो तसा तो म्हणाला, "नाना, पेट्रोलचा वास लई येतोय." मी म्हणालो, आत्ताच पंपावर भरलंय, त्याचा असंल. पाच मिनिटांनी तो परत बोलला. थांबून खाली वाकलो तर फिल्टरजवळच्या रबरी पाईपातून थेंब थेंब गळत होतं. तापलेला सायलेन्सर तिथून वीतभर लांब. अंगावर काटा आला.

खरं सांगतो, चूक माझीच. दोन वर्षांपूर्वी हाच पाईप गळाला तेव्हा मेस्त्रीनं चिरलेलं टोक कापून क्लिप आवळून दिली होती. पन्नास रुपयांत काम झालं म्हणून मी खूश. टोक कापलं, पण उरलेला पाईप तेवढाच म्हातारा होता की! या वेळी काढून बघितला तर वरून चिरा आणि आतून फुगून मऊ झालेला.

वरच्या चिरा वयाच्या आणि उष्णतेच्या. आतली फूग मात्र बहुतेक इथेनॉलची. आता पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे शंभर भागांत वीस भाग इथेनॉल. २०२३ च्या एप्रिलपासून निघालेल्या गाड्यांचे पाईप आणि सील त्याला टिकतील असे बनवलेत. त्याआधीच्या गाड्यांचं रबर त्या हिशोबानं केलेलं नाही. इथेनॉल साधं रबर फुगवतं, पाणी ओढून घेतं आणि टाकीतला जुना गाळ सोडवून फिल्टरमध्ये आणून बसवतं.

मी इथेनॉलच्या विरोधात नाही. घोड-भीमेच्या पट्ट्यातल्या ऊसवाल्याला त्याचा आधार आहे, मक्यालाही त्यामुळं गिऱ्हाईक मिळालं. पण ऊस आपला, इथेनॉल आपलं, आणि जुनी गाडीही आपलीच. जुन्या गाडीवाल्यानं कुठले पाईप बदलायचे, हे पंपावर किंवा सर्व्हिसिंगला कुणी सांगतं का? मला तरी कुणी सांगितलं नाही. कंपन्यांनी जुन्या मॉडेलसाठी पाईप आणि सीलचा संच काढावा, त्याची यादी मराठीत द्यावी. एवढी अपेक्षा जास्त नाही.

तोवर आपण काय करायचं?

वास आला की गाडी बंद. विडी-काडी लांब. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खालच्या खड्ड्यात साचते. म्हणून काम उघड्यावर करा आणि आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा.

इंजेक्शनच्या गाडीत पाईपात साधारण तीन बार दाब असतो, चाकातल्या हवेपेक्षा जास्त. पंपाचा फ्यूज काढून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मगच बॅटरीची तार सोडवा आणि पाईपाला हात घाला. या गाडीला कार्बोरेटरचा साधा पाईप कधीच लावू नका. दुकानात 'फ्यूल इंजेक्शनचा, इथेनॉलला चालणारा' असं सांगून मागा. चांगल्या पाईपावर 'जे-३० आर-९' छापलेलं असतं. क्लिपही नव्या घ्या, फिल्टरही नवा घ्या. टाकीला साबण लावणं हे फक्त घरी पोचण्यापुरतं. आणि पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी वेल्डिंगला नेऊ नका, आत वाफ असते.

ट्रॅक्टरवाल्यांनो, डिझेल गळत असेल तर बहुतेक वेळा तांब्याचा वायसर गेलेला असतो. तो परत परत आवळू नका, नवा टाका आणि हवा काढा. पण इंजेक्टरकडे जाणाऱ्या लोखंडी नळीची गळती बोटानं चाचपू नका. तिथला दाब डिझेल कातडीत घुसवतो. पुठ्ठा धरून बघा.

आपल्या पाबळात डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम उभा केला, तो हातानं करत शिकण्यासाठीच. वेल्डिंग, वायरिंग शिकून किती पोरं पोटाला लागली. तसंच गावोगावच्या मेस्त्रींना या नव्या इंधनाचं दोन दिवसांचं शिक्षण मिळालं पाहिजे. मेस्त्री पन्नास रुपयांत क्लिप आवळतो, कारण त्याला दुसरं कुणी शिकवलंच नाही आणि आपणही तेच मागतो.

मला नवा पाईप, क्लिपा आणि फिल्टर मिळून कांद्याच्या एका गोणीएवढा खर्च आला. पुतण्या ज्या गोण्यांवर बसला होता, त्यातली एक. आज जमलं तर गाडीखाली एकदा वाकून बघा.