घरचे म्हणजे फुकट नव्हे

खान्देशातल्या आमच्या पारोळ्याकडे कापसाचे रडगाणे सुरू झाले की एक सल्ला ठरलेला असतो. "कापसाच्या नादी किती लागता? दोन संकरित गाई बांधा. चारा घरचा, माणसे घरची. दूध जाईल तेवढा नफाच." असे सांगणाऱ्यांत पुढारी असतात, साहेबलोक असतात, पुण्याला नोकरी करणारे आमचे भाऊबंदही असतात. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण या सल्ल्यातले 'घरचा' आणि 'घरची' हे दोन शब्द मला मान्य नाहीत, कारण जोडधंद्याचा सगळा नफा या दोन शब्दांतूनच निघतो.

आधी त्यांची खरी बाजू मान्य करतो. बोरी नदीकाठचे थोडे बागायत सोडले तर आमचा तालुका कोरडवाहू. कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो, दुधाचा दर दहा दिवसांनी. त्या पगारावर किराणा येतो, पोराची फी भरली जाते. पण हातात पैसा खेळणे वेगळे आणि धंदा परवडणे वेगळे.

हिशेब मांडून पाहू. गाय दिवसाला 10 लिटर दूध देते आणि दर 30 रुपये आहे असे धरू. आवक 300. तिला सरकीची ढेप आणि भरडा मिळून 5 किलो, किलोला 30 प्रमाणे 150 रुपये. हिरवा चारा 20 किलो, 3 रुपयांनी 60. दादर ज्वारीचा कडबा 6 किलो, 6 रुपयांनी 36. औषध, रेतन, खनिज मिश्रण यांचे 15. खर्च 261, उरले 39. दुधाच्या 300 दिवसांचे झाले 11,700. मग गाय आटते. पुढच्या वेतापर्यंतचे 100 दिवस, रोज 120 रुपये धरले तरी 12,000 तिच्या पोटात जातात. म्हणजे 400 दिवस राबून 300 रुपयांची खोट. शेणखत ही खरी कमाई आहे, ती मी धरली नाही. पण गाईची किंमत, गोठा आणि कर्जाचे व्याजही धरलेले नाही.

आता याच हिशेबातून हिरवा चारा आणि कडबा 'घरचा' म्हणून वगळा. रोजचे 39 लगेच 135 होतात, 300 दिवसांचे 40,500! मेळाव्यात सांगतात तो नफा हाच. पण दादरचा कडबा बाजारात नेला तर त्याचे रोख पैसे होतात. हिरव्या चाऱ्याच्या मक्याला विहिरीचे पाणी लागते, आणि तेवढे पाणी दुसऱ्या पिकाचे जाते.

आणि माणसे घरची, म्हणजे कोण? आमच्या घरी पहाटे साडेचारला माझी आई उठायची. शेण काढायची, गव्हाण झाडायची, कोमट पाण्याने कास धुऊन धारेला बसायची. हिवाळ्यात बोटांच्या पेरांना भेगा पडत, त्यांत ती तूप भरायची. संध्याकाळी पुन्हा तेच. दिवसाचे चार तास धरले तरी 400 दिवसांचे 1,600 तास होतात. दूध घालायचे खाते मात्र वडिलांच्या नावावर होते.

सल्ला देणाऱ्यांचे दुसरे म्हणणे असे, की शेतकऱ्याला व्यवस्थापन येत नाही. जनावरांच्या लम्पी रोगाच्या 2022 च्या साथीतला महाराष्ट्रातला पहिला रुग्ण ऑगस्टमध्ये आमच्याच जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या चिनावलला सापडला. त्यात कोणाचे व्यवस्थापन चुकले होते? गाय दगावली तर मदत होती 30,000 रुपये. तेवढ्यात दुधावरची चांगली संकरित गाय मिळत नव्हती. आणि जी जगली पण दुधाला उतरली, तिच्या मालकाला त्यातले काहीच नव्हते.

तिसरे म्हणणे, सरकारने अनुदान दिले. जुलै 2024 मध्ये ठरले की दूध संघांनी लिटरला 30 रुपये द्यावेत, सरकार 5 देईल. ऑक्टोबरपासून सरकारच्या 5 चे 7 झाले, संघांच्या 30 चे 28 झाले. शेतकऱ्याचे 35 जागच्या जागी राहिले. वाढलेले अनुदान कोणाच्या कामी आले, हे वेगळे सांगायला नको.

उरले भाकड जनावर. 2015 मध्ये लागू झालेल्या कायद्याने गाईबरोबर बैल आणि वळूही कत्तलबंदीत आले. कायद्यामागच्या श्रद्धेशी माझे भांडण नाही. आम्हीही पोळ्याला बैलाच्या पाया पडतो. पण थकलेल्या ढोराचे गिऱ्हाईक गेले आणि त्याचा चारा मात्र मालकाच्याच माथी राहिला. सप्टेंबर 2024 मध्ये शासनाने देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' म्हटले आणि गोशाळेतल्या देशी गाईसाठी रोज 50 रुपये ठरवले. म्हणजे दूध न देणारी गाय पोसायला पैसा लागतो, हे शासनाने स्वतःच कबूल केले. मग तीच गाय कोरडवाहू शेतकऱ्याच्या दावणीला असली तर ती फुकट जगते काय?

म्हणून माझे म्हणणे गाई विकून टाका असे नाही. खान्देशातले शेत ढोरांवाचून उभे राहणार नाही. माझी मागणी हिशेबाची आहे. दुधाचा उत्पादन खर्च काढताना घरचा चारा बाजारभावाने आणि घरची मेहनत मजुरीच्या दराने धरा. उसाला एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, कायद्याने मिळतो. तसा दुधालाही त्या खर्चावर आधारलेला, कायद्याने बांधलेला दर द्या. गोशाळेतल्या गाईचे 50 रुपये गोठ्यातल्या भाकड गाईलाही द्या. आणि जी धार काढते तिच्या नावावर दुधाचे खाते काढा.

हे झाले, तर मीही पोरांना गाई बांधा म्हणून सांगेन. तोवर कोणी "चारा घरचा, माणसे घरची" म्हणाले की मी कागद-पेन्सिल पुढे ठेवीन आणि पहिली ओळ माझ्या आईच्या 1,600 तासांची लिहीन.