जिवावर उदार, पण कुणाच्या?

दिवाळीची सुट्टी म्हटली की पूर्वी माणसे फार तर मामाच्या गावी जात. जरा हौशी असत ती महाबळेश्वरला जात, घोड्यावरून एक रपेट करीत आणि पुढच्या दिवाळीपर्यंत त्या घोड्याचे वर्णन शेजाऱ्यांना ऐकवीत. हल्ली एवढ्याने भागत नाही. ज्वालामुखीच्या तोंडाशी उभे राहावे, पायाला रबरी दोर बांधून पुलावरून उडी घ्यावी, समुद्राच्या तळाशी जाऊन बुडालेली बोट पाहावी, असे सहलींचे नवे प्रकार निघाले आहेत. त्यांचे नाव ‘एक्स्ट्रीम टुरिझम’.

या सहलींबरोबर शब्दांचे एक मोठे गाठोडेही आपल्या घरात आले आहे. ‘थ्रिल’ आले, ‘अ‍ॅड्रिनलिन’ आले, ‘बकेट लिस्ट’ आली. या शेवटच्या शब्दाची गंमत अशी की, इंग्रजीत मरण्याला थट्टेने ‘बादली लाथाडणे’ म्हणतात. तेव्हा बादली लाथाडण्यापूर्वी करावयाच्या गोष्टींची यादी ती बकेट लिस्ट. आमच्या आजोबांचीही अशी यादी होती. तीत एकच नाव होते: काशी.

आपल्या भाषेत धाडसाला शब्द कमी नाहीत, पण त्यांची जात निराळी. साहस, धडाडी, दुःसाहस, आगाऊपणा, नसता उपद्व्याप! कौतुक किती आणि कानउघाडणी किती, याचे माप शब्दातच घातलेले. आणि या प्रत्येक शब्दामागे एक प्रश्न उभा असतो: ‘कशासाठी?’ दंतकथेतली हिरकणी रायगडाचा कडा रात्री उतरली, ती घरी तान्हे मूल भुकेले होते म्हणून. खाली पोचल्यावर कड्याकडे पाठ करून छायाचित्र काढून घेण्याचे तिला सुचले नाही.

इंग्रजी शब्दांवर आमचा राग आहे, असे कोणी समजू नये. हेल्मेट, हार्नेस, कॅराबिनर हे प्रामाणिक शब्द आहेत. ते वस्तूबरोबर आले आणि ती वस्तू जीव राखते. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेचे ८ गिर्यारोहक २०१२ साली एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले, ते हे शब्द नुसते बोलून नव्हे, वर्षानुवर्षे हाताळून. आमची तक्रार आहे ती विक्रीच्या शब्दांबद्दल. हे शब्द धोका सांगत नाहीत, धोका कुणाच्या अंगावर पडणार आहे ते झाकतात.

‘टायटन’ पाणबुडीचेच पाहा. अटलांटिकच्या तळाशी सुमारे ३,८०० मीटर खोल टायटॅनिकचे अवशेष आहेत. ते दाखविण्यासाठी माणशी अडीच लाख डॉलर घेतले जात. पण पैसे भरून जाणाऱ्याला उतारू म्हणायचे नाही! त्याला ‘मिशन स्पेशालिस्ट’ म्हणायचे. ऐकणाऱ्याची छाती फुगावी असेच ते नाव. मात्र उतारू म्हटला की त्याला नेणाऱ्या वाहनाची सरकारी तपासणी आली, नियम आले. नाव बदलले की त्यातून निसटायला फट मिळते. प्रवासापूर्वी जो कागद सही करायला देत, त्याच्या पहिल्याच पानावर मृत्यूचा उल्लेख तीन वेळा होता, असे त्या पाणबुडीतून पूर्वी जाऊन आलेल्या एका लेखकाने सांगितले. १८ जून २०२३ रोजी पाण्याच्या दाबाने ती चिरडली आणि आतले पाचही जण गेले. त्यांत वडिलांबरोबर आलेला १९ वर्षांचा एक मुलगा होता. ‘स्पेशालिस्ट’ हा किताब त्याला कोणत्या कामाबद्दल मिळाला होता?

दुसरी गोष्ट न्यूझीलंडजवळच्या व्हाकारी या ज्वालामुखीच्या बेटाची. तेथे सहली नियमाने जात. नोव्हेंबर २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी धोक्याची पातळी एका अंकाने वाढवून २ केली. त्या पातळीचे इंग्रजी वर्णन असे, की ज्वालामुखीची ‘अनरेस्ट’, म्हणजे अस्वस्थता, वाढली आहे. शास्त्रज्ञांच्या टिपणात हा शब्द अगदी बरोबर आहे. पण सहलीला निघालेल्या माणसाच्या कानांना तो काय सांगणार? अस्वस्थता तर चकल्या चार जास्त झाल्या तरी वाटते. ९ डिसेंबर २०१९ रोजी स्फोट झाला तेव्हा बेटावर ४७ माणसे होती. त्यांतली २२ दगावली.

तिसरे उदाहरण एव्हरेस्टचे. सुमारे ८,००० मीटरच्या वर हवा इतकी विरळ असते की तेथे शरीर सावरत नाही, झिजतच जाते. १९५२ सालच्या स्विस मोहिमेचे प्रमुख डॉक्टर व्हिस-द्युनां यांनी या उंचीला मरणाचा प्रदेश ठरविले. डॉक्टरांनी दिलेला तो इशारा होता. आज ‘डेथ झोन’ हा शब्द जाहिरातीत मिठासारखा भुरभुरतात. मे २०१९ मध्ये त्या प्रदेशात माणसांची रांग लागल्याचे छायाचित्र जगभर गाजले. रेशनच्या दुकानासमोर असावी तशी रांग, फक्त प्रत्येकाच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा.

आणि त्या रांगेच्या पुढेमागे ओझी वाहणारा, दोर बांधणारा कोण? शेर्पा. हे मूळ एका जमातीचे नाव. इंग्रजीने ते हुद्द्याचे नाव करून टाकले, जणू ओझे वाहणे ही त्या लोकांची जन्मजात आवड आहे. १८ एप्रिल २०१४ रोजी खुंबूच्या हिमप्रपातात बर्फाचा कडा कोसळून १६ नेपाळी कामगार गेले. ते शिखर सर करायला निघाले नव्हते. दुसऱ्यांच्या चढाईचे सामान वर नेत होते. सरकारने तातडीची मदत म्हणून प्रत्येक कुटुंबाला ४०,००० नेपाळी रुपये देऊ केले. शेर्पा संतापले आणि त्या वर्षीचा हंगामच बहुतेक बंद पडला.

मराठीत ‘जिवावर उदार होणे’ असा वाक्प्रचार आहे. त्यात एक अट गृहीत धरलेली आहे: जीव स्वतःचा असावा. दुसऱ्याच्या जिवावर उदार होणाऱ्याला आपण शूर म्हणत नाही. त्याला आपण काय म्हणतो ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नाही.

आता हे सारे दूरच्या डोंगरांपुरते उरलेले नाही. कॉलेजात जाणारी मुले दर पावसाळ्यात सह्याद्रीत दोरावरून उतरायला जातात. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि असे उपक्रम चालविणाऱ्यांना नोंदणीचा नियम घातला. मुलाने किंवा मुलीने फॉर्म पुढे केला, तर जाऊ नकोस म्हणू नका. जाणत्या माणसाबरोबर डोंगर चढलेले मूल घरी शहाणे होऊन येते. फक्त नोंदणी आहे का ते विचारा, आणि त्या फॉर्मवर ‘वेव्हर’ म्हणून जो बारीक अक्षरातला मजकूर असतो, तो सर्वांच्या देखत मराठीत वाचून दाखवायला सांगा. इंग्रजीत तो भारदस्त वाटतो. मराठीत त्याचा अर्थ बहुधा एवढाच निघतो: ‘आमच्या चुकीने माझे काही बरेवाईट झाले, तरी मी व माझ्या घरचे तुम्हांला जाब विचारणार नाही.’

हे वाक्य ज्याला आईसमोर मोठ्याने वाचता येईल, त्याने खुशाल सही करावी. आणि दोर धरून वर उभा राहणारा जो गावचा पोरगा असतो, त्याचा विमा कोणी उतरवला आहे, हेही त्याच बैठकीत विचारावे. त्याच्या घरीही आई असते.