गणवेश उतरल्यावर

लढाई संपली म्हणजे शिपायाने काय करावे, हा प्रश्न फार जुना आहे. हुबळी-धारवाडकडच्या मराठी कुटुंबांना तो नव्याने समजावून सांगावा लागत नाही. मराठा पलटणींचे केंद्र १९२२ पासून शेजारच्या बेळगावास आहे. आपल्या आप्तांपैकी वा शेजाऱ्यांपैकी कोणी ना कोणी तेथे भरती झालेला असतोच. असा मनुष्य निवृत्त होऊन घरी परततो तेव्हा त्याच्याबरोबर लोखंडी पेटी, थोडे निवृत्तिवेतन आणि पहाटे उठण्याची सवय एवढीच शिदोरी असते. हाताखाली आता पलटण नसते आणि हुकूम द्यावा तर तो ऐकणारे कोणी नसते. मग त्या सवयीचे, त्या शिस्तीचे काय करावयाचे?

या प्रश्नाचे एक उत्तर जगन्नाथराव कृष्णराव भोसले यांच्या आयुष्यात आम्हांस सापडते. त्यांची ओळख वाचकांस करून द्यावी, आणि तिच्या अनुषंगाने आपल्या हुबळीतील एका थोर पुरुषाचेही स्मरण करावे, असा या आठवड्याचा आमचा मानस आहे.

जगन्नाथराव १९०६ साली सावंतवाडी संस्थानातील तिरोडे या गावी मराठा कुळात जन्मले. हा मुलूख सावंत-भोसल्यांचा. डोंगरउतारावरची भातशेती थोडी आणि खाणारी तोंडे पुष्कळ, म्हणून कोकणातील घराघरांतून एखादा मुलगा मुंबईच्या गिरणीत जाई, तर एखादा पलटणीत. जगन्नाथरावांची वाट मात्र साध्या भरतीची नव्हती. डेहराडून येथे १९२२ साली निघालेल्या लष्करी विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. तेथून ते इंग्लंडातील सँडहर्स्टच्या प्रबोधिनीत गेले आणि १९२८ साली बादशाही सनद घेऊन सैन्यात अधिकारी झाले. त्या काळी अशी सनद मिळालेले हिंदी तरुण अगदी मोजके होते. ज्या समाजाची पोरे पिढ्यान्‌पिढ्या शिपाई म्हणून लढली, त्याच समाजातील एक मुलगा आता साहेबाच्या बरोबरीने खाणावळीत बसू लागला होता. त्या घराला याचा केवढा अभिमान वाटला असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

पुढे महायुद्ध आले. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. दोन दिवसांनी तेथील फॅरर पार्कच्या मैदानावर चाळीस हजारांच्या आसपास हिंदी सैनिकांना जपान्यांच्या स्वाधीन करण्यात आले. गढवाल रायफल्सच्या पाचव्या पलटणीतील जगन्नाथराव त्या वेळी लेफ्टनंट कर्नल होते. ज्या साम्राज्याची शपथ वाहिली, त्याचे सेनापती शरण गेले होते. आता ती शपथ पाळावी, की देशाच्या नावाने दुसरी घ्यावी? जगन्नाथराव आझाद हिंद फौजेत गेले. १९४३ च्या आरंभी, मोडकळीस आलेल्या त्या फौजेची पुन्हा उभारणी झाली तेव्हा तिच्या लष्करी कार्यालयाचे ते संचालक झाले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबर रोजी सुभाषबाबूंनी हंगामी सरकार स्थापिले, त्यात सैन्याच्या प्रतिनिधींमध्ये त्यांचे नाव होते. फौजेतील त्यांचा हुद्दा पुढे मेजर जनरलचा झाला.

येथे क्षणभर थांबून एक गोष्ट सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते. फॅरर पार्कवरील हजारो सैनिकांनी नव्या फौजेत जाण्यास नकार दिला. दिलेला शब्द मोडावयाचा नाही, एवढ्याच निश्चयाने त्यांनी बंदिवास पत्करला. कित्येकांना दूर न्यू गिनीच्या बेटावर मजुरीसाठी नेण्यात आले, आणि त्यांपैकी पुष्कळ जण उपासमारीने व रोगाने तेथेच मेले. एका गावातील दोन भाऊ या दोन वाटांनी गेले असते, तर त्यांच्या आईने कोणाला देशद्रोही म्हणावयाचे होते? सद्‌सद्विवेकबुद्धीचा कौल मानून ज्याने त्याची किंमत मोजली, त्याला दूषण देण्याचा अधिकार घरात सुखाने बसलेल्या आम्हांतुम्हांस नाही, असे आमचे नम्र मत आहे.

जगन्नाथरावांनीही किंमत मोजली. १९४५ च्या ऑगस्टमध्ये जपान शरण गेला आणि ते ब्रिटिशांचे कैदी झाले. लाल किल्ल्यातील खटले गाजले, देशभर जयजयकार झाला, कैदी सुटले, आणि १९४७ साली स्वातंत्र्यही आले. परंतु स्वतंत्र भारताच्या सैन्यात आझाद हिंद फौजेच्या माणसांना परत घेण्यात आले नाही. सैन्यातील एकोपा बिघडू नये, असा विचार त्यामागे होता. एकेचाळीस वर्षांच्या धडधाकट सेनानीची तलवार ऐन स्वातंत्र्याच्या दिवशी अशी म्यान झाली. अशा वेळी मनात कडवटपणा साठला असता तर नवल नव्हते.

त्यांनी लोकसेवेचा रस्ता धरला. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर रत्नागिरीतून ते काँग्रेसतर्फे लोकसभेवर निवडून आले. लाल किल्ल्यात आरोपी म्हणून उभे राहिलेले शाहनवाज खान हेही त्याच वर्षी मेरठकडून लोकसभेत आले. रत्नागिरी व धारवाड हे दोन्ही जिल्हे तेव्हा एकाच मुंबई राज्यात होते. आपल्या उत्तर धारवाडातून त्याच निवडणुकीत द. प. करमरकर निवडून गेले, ते पुढे केंद्रात आरोग्यमंत्री झाले.

जगन्नाथरावांच्या वाट्याला पुनर्वसन खात्याचे उपमंत्रिपद आले. फाळणीनंतर एकट्या दिल्लीत सुमारे पाच लाख निर्वासित येऊन पडले होते. लाजपतनगरातील कस्तुरबा निकेतनात विधवा व निराधार स्त्रिया आपल्या मुलांसह राहत. या मुलांनी घरे जळताना पाहिली होती. बाप गेला, गाव गेले, शाळा गेली, आणि आज्ञा कोणाची मानावयाची हेच त्यांना कळेनासे झाले. १९५४ साली जगन्नाथरावांनी येथेच आपल्या राष्ट्रीय शिस्त योजनेचा आरंभ केला. कवायत, व्यायाम, स्वच्छता, समूहगीते आणि देशातील थोरांच्या कथा, असा तिचा साधा क्रम होता. जी मुले रस्त्यावर भटकत, ती रांगेत उभी राहू लागली. हा उपक्रम हळूहळू इतर राज्यांतील शाळांत पसरला. शिक्षकांच्या शिक्षणासाठी अलवरजवळ सरिस्का येथे केंद्र उघडण्यात आले. पलटण गमावलेल्या सेनानीला मुलांची पलटण लाभली, आणि तिच्या हाती बंदूक नव्हती.

आता हुबळीकडे वळू. मुलांना व तरुणांना शिस्त लावण्याचा हा विचार आपल्या गावास नवा नव्हता. धारवाडचे डॉ. नारायण सुब्बराव हर्डीकर (१८८९–१९७५) यांनी १९२३ साली हिंदुस्थानी सेवा दलाची स्थापना केली, आणि त्याचे मुख्य ठाणे हुबळीत होते. डॉक्टर अमेरिकेत शिकले व तेथे लाला लजपतराय यांच्याबरोबर त्यांनी काम केले. त्यांनी सैन्याचा गणवेश कधी अंगावर चढविला नाही. परंतु स्वयंसेवकाने रांगेत चालावे, मार खाऊन हात उचलू नये, ही शिस्त त्यांनी खादीच्या गणवेशातील तरुणांना शिकविली. स्त्रियांच्या शाखेची धुरा हुबळीच्याच उमाबाई कुंदापूर यांनी वाहिली. १९५२ साली डॉक्टर राज्यसभेत गेले. एक सँडहर्स्टचा सेनानी, दुसरा वैद्य, पण दोघांनाही ठाऊक होते की स्वातंत्र्य मिळविणे निराळे आणि त्याला पात्र होणे निराळे.

या योजनेस मर्यादाही होत्या, हे सांगितले पाहिजे. ‘सावधान’ म्हणताच पाय जुळतात, पण मने जुळतीलच असे नाही. भयाने आलेली शिस्त शिक्षकाची पाठ फिरताच मोडते. राजकारणातही हुकूम चालत नाही. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राची लाट उसळली आणि रत्नागिरीत काँग्रेसचा पराभव झाला. जगन्नाथराव १९६३ साली निवर्तले. दोन वर्षांनी त्यांची योजना शाळांतील शारीरिक शिक्षणाच्या इतर उपक्रमांत विलीन झाली व तिचे नाव मागे पडले. आज ते किती जणांस आठवते?

तरीही हे आयुष्य वाया गेले असे आम्हांस वाटत नाही. ज्याच्या मागे एकेकाळी एक फौज चालली, त्याने पुढे पोरक्या मुलांच्या नखांची स्वच्छता पाहण्यात कमीपणा मानला नाही. अधिकार गेल्यावर मनुष्य लहान कामाला हात लावतो की रुसून बसतो, यावरून त्याच्या पूर्वीच्या अधिकाराचीही किंमत कळते. आपल्या घरांतही निवृत्त झालेली माणसे आहेत. त्यात कोणी सैनिक, कोणी रेल्वेतील कामगार, कोणी शिक्षक. आपली आता कोणास गरज नाही, असे मनात घेऊन ती ओसरीवर बसतात. वाचकहो, त्यांना कोपऱ्यात बसवू नका. आणि त्या वडीलधाऱ्यांनाही आमची विनंती आहे की घरातील नातवंडांना आणि गल्लीतील आईबापांविना वाढणाऱ्या एखाद्या पोराला रोज अर्धा तास द्यावा. पहाटे उठण्याची ती जुनी सवय त्याच्या कामी यावी.