दूरून रीस्टार्ट करा, पण आधी फोन करा!

राजेहो, विषय छोटा वाटंल, पण आपल्या किन्हीराजासारख्या गावात तो माणसाच्या दिवसाच्या मजुरीवर येतो.

सेवा केंद्रातला कॉम्प्युटर अडला की दुरुस्तीवाला लांबूनच कमांड टाकून तो रीस्टार्ट करू शकतो. सोय चांगली आहे. माझा विरोध आहे तो न विचारता करण्याला. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज अर्धा भरलेला, मागं रांग, अन् स्क्रीन काळी! 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यानं दाखला ठरल्या मुदतीत मिळायला पाहिजे. पण मुदत मोजतात रीतसर अर्ज दाखल झाल्यापासून. अर्ज गेलाच नाही तर मुदत कशाची?

खरं तर काळजी घ्यायची सोय कमांडमध्येच आहे. विंडोजमध्ये 'शटडाऊन'ला 'आर' जोडलं की रीस्टार्ट, 'एस' जोडलं की मशीन बंद. एका अक्षराची चूक, मग बटण दाबायला गावातच कोणीतरी पाहिजे. 'टी' लावून 300 सेकंद द्या, 'सी' लावून स्क्रीनवर निरोप पाठवा. समोरचा 'थांबा' म्हणाला तर 'ए' लावून रद्द करा. लिनक्समध्येही मिनिटं, निरोप आणि रद्द करणं, तिन्ही आहेत.

पण एक ध्यानात ठेवा. विंडोजमध्ये अशी वेळ दिली की ती संपल्यावर उघडे प्रोग्राम सक्तीनं बंद होतात. सेव्ह न केलेलं गेलंच समजा. म्हणून नुसता निरोप पुरत नाही, फोन पाहिजेच.

त्याआधी 'होस्टनेम' टाकून मशीन तीच आहे का, ते बघा. लॉगिन कोण आहे, अपडेट चालू आहे का, तेही बघा. अन् लांबून जोडणारा प्रोग्राम रीस्टार्टनंतर आपोआप सुरू होतो का? नसंल होत, तर मशीन चालू राहूनही तुमच्या हाताबाहेर.

काही जण म्हणतील, रात्री करा, कोणाला त्रास नाही. पण रात्री मशीन उठलं नाही तर कुलूपबंद केंद्रात बटण कोण दाबणार? सकाळी केंद्र उघडल्यावर, रांग लागायच्या आधी करा.

माझी मागणी एवढीच: ऑपरेटरच्या होकाराशिवाय रीस्टार्ट नाही, आणि मशीन उठून अर्जाचं पान उघडेपर्यंत फोन ठेवायचा नाही. याला निधी लागत नाही, ठरावही लागत नाही. पटत असंल तर आपल्या केंद्रचालकाला नक्की दाखवा.